हॅप्पीव्हेल: देवमाशाच्या शेपटीचा फोटो काढला असेल तर इथे टाकाच

गेल्या ऑगस्टमधे आईबाबा आमच्याकडे कॅलिफोर्नियाला आले होते तेव्हा त्यांना मॉन्टेरेला देवमासे दाखवायला नेलं. बोटीवर गर्दी फार, आईला कठड्यापाशी जागा मिळेपर्यंत तास गेला, पण हंपबॅक जातीचा देवमासा समोर आला आणि सगळं विसरायला झालं. त्याने श्वास सोडला की फवारा उडतो आणि वारा आपल्या बाजूला असला की असा वास येतो की आई म्हणाली अगं हा तर मासळी बाजार! मग त्याने पाठीची कमान केली, शेपटी पाण्याबाहेर उभी राहिली, कडेने पाणी निथळतंय, आणि बाबांना नेमका तेवढ्यात फोटो मिळाला.

तो फोटो मी हॅप्पीव्हेल नावाच्या साइटवर टाकला. फुकट आहे, फोटो, तारीख, वेळ आणि जागा एवढंच द्यायचं. हंपबॅकच्या शेपटीची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते, काळ्यापांढऱ्याची नक्षी, कडेच्या खाचा, जुने व्रण, अगदी आपल्या बोटांच्या ठशासारखं. आधी संशोधक हे फोटो एकेक करून डोळ्यांनी जुळवत बसायचे, आता ते काम कंप्युटर करतो आणि फोटो चांगला असेल तर क्वचितच चुकतो. टेड चीझमन आणि त्यांच्या सोबत्यांनी २०१५ मधे हे सुरू केलं.

एक सांगते, वेळ नीट बघून टाका. बाबांच्या कॅमेऱ्यात भारतातलीच वेळ होती, म्हणजे साडेबारा तास पुढे, दुपारी दोनचा फोटो दुसऱ्या दिवशी पहाटे अडीचचा दिसत होता. मी ती दुरुस्त करूनच टाकला.

आमचा देवमासा जुळला! आधी तो हिवाळ्यात मेक्सिकोच्या किनाऱ्याला दिसला होता, पिल्लं तिकडे होतात आणि खायला हे मॉन्टेरेकडे येतात. शेपटीच्या उजव्या टोकाला समांतर रेघा होत्या, मला वाटलं बोटीचं काही लागलं असेल, तर त्या ऑर्काच्या, म्हणजे किलर व्हेलच्या दातांच्या निघाल्या. बाबा तो फोटो मोठा करून किती वेळ बघत होते. तोच मासा परत कुणाला दिसला की आपल्याला मेल येतो, हे मला फार आवडलं.

आणि हे नुसतं हौसेचं नाही हो. उत्तर पॅसिफिकमधे हंपबॅकच्या शिकारीवर १९६६ मधे बंदी आली, नंतर ते हळूहळू वाढत गेले. पण अशाच हजारो लोकांच्या फोटोंवरून २०२४ मधे छापून आलेल्या अभ्यासात दिसलं की २०१२ मधे साधारण साडेतेहेतीस हजार असलेले २०२१ पर्यंत २६ हजार ६०० च्या आसपास आले, जवळपास २० टक्के घट. २०१४ ते १६ मधे समुद्र फार तापला, खाणं कमी झालं, त्याच्याशी याचा संबंध लावलाय. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. वर खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोऱ्यांत अडकणं आणि जहाजांची धडक हे आहेच.

आपल्याकडच्यांनी तर हे वाचाच, कारण अरबी समुद्रातले हंपबॅक वेगळेच, ते दूरदूर स्थलांतर करत नाहीत आणि ओमानच्या बाजूला शंभरापेक्षाही कमी उरलेत असा अंदाज आहे. लुबान नावाच्या मादीला २०१७ मधे तिकडे सॅटेलाइट टॅग लावला तर ती समुद्र ओलांडून गोव्याकडे आली आणि खाली भारताच्या टोकापर्यंत जाऊन परत गेली. गोव्याजवळ ग्रँड आयलंडपाशी पाण्याखाली त्यांचं गाणंही रेकॉर्ड झालंय.

तेव्हा मालवण, तारकर्ली, गोव्याला डॉल्फिन बघायला जाणाऱ्यांनो, मोठी शेपटी दिसली तर बोट जवळ घ्यायला सांगू नका, शंभर मीटर तरी लांब ठेवा आणि झूम करून मागून फोटो काढा, तो खोल बुडी मारताना शेपटीची खालची बाजू मागूनच दिसते. पाठीचा किंवा नुसत्या फवाऱ्याचा फोटो ओळखायला फारसा कामाचा नाही. जागा आणि वेळ मात्र तिथेच मोबाइलमधे लिहून ठेवा, घरी आल्यावर आठवत नाही.

माझ्याकडून ५ पैकी ५.