राष्ट्रगीताचा ट्रॅक करून घेतला: फोंड्यातल्या स्टुडिओचा अनुभव

आमच्या हायस्कुलात मी संगीत शिकवते. १९ डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, होणाऱ्या झेंडावंदनाला इतकी वर्षं इंटरनेटवरून उतरवलेला ट्रॅक वाजायचा, तोही पांढरी चार या उंच पट्टीतला. राष्ट्रगीत खाली मंद्र निषादाला (खालच्या सप्तकातल्या ‘नि’ला) शिवतं आणि शेवटी ‘जय हे, जय हे, जय हे’मधल्या पहिल्या ‘जय हे’ला तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) जातं. आवाज फुटलेल्या नववीच्या मुलांचा गळा तिथे हमखास अडकायचा, मग ती नुसते ओठ हलवायची. माझी आई पोर्तुगीज शाळेत त्यांचं राष्ट्रगीत म्हणत वाढली. ‘जन गण मन’ तिनं १९६१ नंतर पाठ केलं, तेही हौसेनं. तिच्या लेकीच्या शाळेत मुलं गप्प उभी राहतात, हे मला फार लागायचं.

म्हणून यंदा फोंड्यात एका घराच्या तळमजल्यावरच्या स्टुडिओत काळी एक या खालच्या पट्टीत ट्रॅक करून घेतला. चालवणारे काका व्हायोलिनवाले, चर्चच्या शाळेत सोल्फा (डो-रे-मी स्वरपद्धत) शिकलेले. पहिल्या खेपेला त्यांनी घुमट, म्हणजे गोव्याचं मातीचं तालवाद्य, घातलं होतं, ‘पंजाब सिंध’वर व्हायोलिनची वेगळी चाल होती. ऐकायला सुरेख, पण मुलं व्हायोलिनच्या मागे गेली असती. तसं सांगितल्यावर वाद न घालता त्यांनी एकेक वाद्य बंद करत नेलं. हार्मोनियम आणि खालचा चेलो एवढंच उरलं तेव्हा म्हणाले, “टीचर, हें भुरग्यांनी गावपाचें.” (हे मुलांनी गायचं.)

सोबत नऊ मुलं नेली होती. एक ‘सिंधू’ म्हणत होता. काकांनी तिथल्या तिथे थांबवून ‘सिंध’ करून घेतलं. ‘जय जय जय जय हे’ची सुरुवात मध्य षड्जावरून होते, सा सा रे रे ग ग रे ग म. मुलं पहिल्याच ‘जय’ला ओरडतात आणि ‘हे’ला श्वास उरत नाही. त्याआधी श्वास घ्यायचा आणि पहिला ‘जय’ हळू, हे त्यांनी पाच-सहा वेळा गाऊन घेतलं.

तक्रारी दोन. फाइल तीन दिवस उशिरा मिळाली. आणि पहिल्या फाइलीत एवढा एको होता की ५२ सेकंदांचं गीत संपलं तरी ‘हे’ घुमतच होता. तो काढून दिला, जादा पैसे न घेता. एकूण साडेतीन हजार झाले.

झेंडावंदनाला मागच्या रांगेतल्या मुलांचा आवाज मला पेटीपाशी ऐकू आला. जाणार असाल तर पट्टी आधी मुलांकडून गाऊन घेऊनच ठरवा, आणि संध्याकाळी जा. रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवतात.