बेचाळीस हजारांचा घडीचा चाकू आणि अण्णांचा अडकित्ता

आधी सांगतो मी कोण, म्हणजे कुठल्या नजरेनं लिहितोय ते कळेल. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं लेथचं वर्कशॉप आहे, लूमचे पार्ट बनवून देतो. शाफ्ट-बुशचा प्ले (सांध्यातला ढिलेपणा), फिनिश, हार्डनेस हे रोजचंच, पण चाकूचं वेड चार वर्षांपूर्वीचं आणि त्यात सुरुवातीलाच चांगला फसलोय.

फसलो असा की ऑनलाइन एका पेजवरून साडेचार हजारांचा ‘डमास्कस’ घडीचा चाकू मागवला. पात्यावर लाटाच लाटा, हाडाची मूठ, फोटोत एकदम राजेशाही. दोन महिन्यांनी धार लावताना पात्याची बाजू जरा घासली गेली तर तिथली नक्षी गायब, खाली साधं पांढरं पोलाद. खरं डमास्कस म्हणजे दोन जातींच्या पोलादाचे थर तापवून ठोकून एकजीव केलेले असतात, नक्षी आरपार असते, घासली तरी ॲसिडमध्ये बुडवल्यावर परत उमटते. मी फेरिक क्लोराइडमध्ये (नक्षी उमटवायला हेच वापरतात) बुडवून बघितलं, ढिम्म. पेजवाल्याला मेसेज केला तर त्यानं ब्लॉकच केलं. तो चाकू आता वर्कशॉपमध्ये खोकी फोडायला ठेवलाय आणि खोकी चांगली फोडतो हेही खरं.

मग गेल्याच्या गेल्या जानेवारीत अमेरिकेतला मावसभाऊ आला. शेतावर हुरडा होता, आगटीच्या कडेला सगळे बसलेले, लिंबू कापायला कुणाला तरी चाकू पाहिजे होता आणि यानं खिशातनं सेबेन्झा नावाचा घडीचा चाकू काढला (विमानात चेक-इन बॅगेत टाकून आणलेला, हातातल्या बॅगेत चालत नाही). उघडताना आवाज असा नाहीच, चांगल्या सुताराने केलेलं कपाटाचं दार लागतं तसं काहीतरी. बाकीचे दही-चटणी लावून हुरडा खात होते, मी अर्धा तास तो चाकू उघड-मीट करत बसलो.

सेबेन्झा हे झुलू भाषेतलं नाव, अर्थ ‘काम’. बनवणारा ख्रिस रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, १९८९ मध्ये अमेरिकेत आयडाहोला गेला. आज ज्याला सगळे फ्रेमलॉक म्हणतात तो खटका, म्हणजे उघडलेलं पातं अचानक मिटू न देणारी अडक, त्याचा. त्याच्या आधी मायकेल वॉकरचा लायनर लॉक होता, त्यात मुठीच्या आत पातळ पत्र्याची पट्टी असते. रीव्हने वेगळी पट्टी ठेवलीच नाही, टायटॅनियमच्या मुठीलाच चीर देऊन तिची पट्टी केली, पातं उघडलं की ती आत सरकून पात्याच्या बुडाला टेकते. मूठ जितकी आवळून धराल तितका खटका घट्ट. मशीनिंगवाल्या माणसाला हे बघून जो आनंद होतो तो बाकीच्यांना नाही कळायचा.

किंमत पाचशे डॉलरच्या घरात. भाऊ म्हणाला पुढच्या वेळी आणतो. पण कितीही चांगला असला तरी सेबेन्झा कारखान्यात निघतो, आणि माझ्या डोक्यात बसलं की एकदाच घ्यायचाय तर माझ्या हाताच्या मापाचा, एकाच माणसानं बसून बनवलेला घ्यायचा. आता वाटतं ‘माझ्या मापाचा’ वगैरे निम्मी हौसच होती, पण असो.

कारागीर शोधण्यात तीन महिने गेले. तीन जणांशी बोललो. पहिला फोटोच पाठवत राहिला, एकेक फोटो जाहिरातीसारखा, पण मी म्हटलं उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडाला कुठपर्यंत येते तो फोटो पाठवा, तर विषय बदलला. दुसरा सगळे पैसे आधी मागत होता. तिसऱ्यानं उलट मलाच विचारलं, कापणार काय? उजव्या हाताचे की डावे? मी डमास्कस म्हटल्यावर तो म्हणाला, पहिला आहे ना, मग साधं पातं घ्या, नक्षीचे पैसे खटक्यावर घालू. तिथंच ठरलं. बाहेरच्या राज्यातला आहे, नाव इथं टाकत नाही. एकूण बेचाळीस हजार, तीस टक्के आधी, सात महिने थांबायचं. सातचे नऊ झाले.

पातं तीन इंच, मॅग्नाकट पोलादाचं. हे लॅरिन थॉमस नावाच्या धातुशास्त्रज्ञानं काढलेलं, २०२१ मध्ये बाजारात आलं, गंजत नाही आणि तरी सहज तुकडे पडत नाहीत असं जमवलंय. पण पोलादाच्या नावावर लोक जेवढे भांडतात तेवढं नका भांडू. नाव कितीही भारी असलं आणि पाणी नीट दिलेलं (तापवून-थंडावून कडक केलेलं) नसलं तर काय उपयोग, आणि धारेच्या मागं पातं जाड ठेवलं तर कांदा कापला जात नाही, फाकतो. माझ्या चाकूला धारेच्या वर जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडी आहे, टोमॅटोची साल नुसतं टेकवलं की सुटते.

आता अण्णांचं. अण्णा मिलमध्ये जॉबर (कामगारांचे मुकादम) होते, आता दिवसभर पान-सुपारी आणि पेपर. पार्सल उघडलं, मी कौतुकानं त्यांच्या हातात दिला, तर त्यांनी धार बघितलीच नाही. पातं उघडलं, टोक चिमटीत धरलं आणि आडवं दाबलं.

“हलालंय की रे.”

“नाही ओ अण्णा, नवा आहे.”

त्यांनी चंचीतला पितळी अडकित्ता काढला, आजीचा आहे, साठ वर्षं तरी झाली असतील, आणि माझ्या पुढ्यात धरला. “सांधा ढिला झाला की सुपारी कातरत नाही, चुरा होतो. हे हलवून बघ.” हलवलं. नाही हलला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये चाकूला डायल (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) लावला. टोकाशी सुई आठ डिव्हिजन हलली, ०.०८ मिमी. पिव्होटचा (ज्या खिळ्यावर पातं फिरतं त्याचा) स्क्रू आवळला की हलणं बंद व्हायचं पण पातं उघडायला दोन्ही हात लागायचे, म्हणजे भोक तरी मोठं किंवा वॉशर सपाट नाही. वर खटका चिकटायचा, मिटवताना पट्टी नखानं ढकलावी लागे. टायटॅनियम मऊ, पातं कडक, दोन्ही घासले की चिकटतात, म्हणून पट्टीच्या तोंडाला कडक पोलादाचा तुकडा बसवतात, सेबेन्झामध्ये तिथं सिरॅमिकची गोळी असते. माझ्याला काहीच नव्हतं. बेचाळीस हजारात हे मी आधी विचारायला पाहिजे होतं, चूक माझीही.

डायलचा व्हिडिओ काढून पाठवला. वाटलं होतं आता हाही ब्लॉक करतो. त्याचा संध्याकाळी फोन, “पाठवून द्या, भोक माझ्याकडूनच मोठं झालंय.” कुरिअर दोन्ही बाजूचं त्याचं. तीन आठवड्यांनी परत आला तेव्हा नवा पिव्होट, ब्राँझचे नवे वॉशर, पट्टीला पोलादी तोंड. सुई एक डिव्हिजनपण धड हलत नाही. उघडल्यावर पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर टेकते, म्हणजे पुढं झिजायला जागा आहे. मिटलं की पातं मुठीच्या दोन्ही पाट्यांच्या बरोबर मधोमध. अण्णांनी परत टोक दाबलं, काही बोलले नाहीत, पेपर वाचायला घेतला. आमच्याकडं याला पास म्हणतात.

आठ महिने रोज वापरतोय. पॅकिंगच्या पट्ट्या, सुताच्या गाठी, दुपारी डब्यातला कांदा, सांगोल्याची डाळिंबं. डाळिंबाचा रस, लिंबू लागून राहिलं तरी पात्यावर डाग नाही. धार दीड-दोन महिन्यांनी डायमंड प्लेटवर दहा मिनिटं, बास. रस्त्यावरच्या सानवाल्याकडं मात्र देऊ नका, ठिणग्या उडवून धार लावतो आणि पातं तापलं की पाणी उतरतं. वाळू-धूळ आत गेली की कुरकुरतो, उन्हाळ्यात इथं काय धूळ असते माहितीय, मग खोलून पुसून एक थेंब तेल. खोलून परत नीट बसवता येणार नसेल तर हा प्रकार तुमच्यासाठी नाही.

कायद्याचं थोडक्यात: घरकाम-शेतीची हत्यारं सोडली तर ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र नियमांच्या यादीत येतं, तीन इंचाचा त्यात बसत नाही. पण बटण दाबून उघडणारा घेऊच नका, आणि यात्रा-सणांच्या दिवसांत पोलिसांचा कलम ३७ चा (हत्यारं बाळगायला बंदीचा) आदेश पेपरात येतो तेव्हा घरी ठेवा. गड्डा यात्रेच्या गर्दीत खिशात चाकू घेऊन फिरून कुणाला काय समजावणार? मी वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्येच ठेवतो.

नाराजी एकच, खिशाला अडकवायची क्लिप. वाकवलेल्या पत्र्याची, खिशाला धरत नाही आणि जाड काम करताना तळहाताला टोचते. एवढ्या चाकूवर असली क्लिप म्हणजे पैठणीला सेफ्टी पिन. त्याला सांगितलं तर म्हणाला नवी करून पाठवतो, मी म्हटलं राहू दे, मापं पाठव फक्त. टायटॅनियमचा तुकडा मागवलाय, या रविवारी कापायला घेतो.