महाभूनकाशा: चतुःसीमेसाठी बिनधास्त वापरा, बांधासाठी नको

गेले बरेच महिने मी महाभूनकाशा सतत वापरते आहे. आमची शेती सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. दादा ती कसतो आणि कागदपत्रांचं सगळं मी पुण्यातून बघते. हा सरकारी ऑनलाइन नकाशा फुकट आहे, नाव नोंदवावं लागत नाही, आणि गावाकडे जमीन असलेल्या प्रत्येकानं तो शिकून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. फक्त त्याला काय विचारायचं हे आधी पक्कं असावं. आपल्या गटाला (म्हणजे नंबर दिलेल्या जमिनीच्या तुकड्याला) चारी बाजूंनी कोणकोणते गट लागून आहेत, म्हणजेच चतुःसीमा, हे तो छान सांगतो. बांध नेमका कुठं आहे हे त्याला विचारू नये.

वापरायला अवघड काही नाही. डावीकडच्या रकान्यात ग्रामीण की शहरी ते निवडायचं, मग जिल्हा, तालुका, गाव. खुर्द आणि बुद्रुक तेवढं नीट बघून घ्या. गाव निवडलं की अख्ख्या गावाचा नकाशा उघडतो. अधिक-उणेच्या बटणांनी तो लहानमोठा करता येतो. गट नंबर टाकला की आपला गट पुढे येतो आणि बाजूला खातेदारांची नावं, क्षेत्र, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) दिसतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. घरातली मंडळी एकर-गुंठ्यात बोलतात, म्हणून लक्षात ठेवा की ०.८१ हेक्टर म्हणजे साधारण दोन एकर. शक्यतो लॅपटॉपवर बघा. मोठ्या पडद्यावर आजूबाजूचे गट एकदम नजरेत येतात.

एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. सातबाऱ्यावर २१४/२ असतं आणि नकाशात मात्र नुसता २१४ सापडतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. वाटणी झाली, विक्री झाली, फेरफार (नोंदीतला बदल) मंजूर झाला की सातबारा वेगळा होतो. नकाशात रेष पडायला मात्र पोटहिश्श्याची मोजणी व्हावी लागते. ती झालीच नसेल तर सगळे भाऊबंद नकाशावर एकाच चौकटीत दिसणार. आपला हिस्सा कागदावर वेगळा आहे पण नकाशावर नाही, हे कळणंही फार कामाचं आहे. नुसत्या वेगळ्या सातबाऱ्याच्या भरवशावर कुणी ‘हा कोपरा माझा’ म्हणून विकायला निघालं तर घेणाऱ्यानं तिथंच थांबून विचारावं.

खरी कामाची चीज म्हणजे मॅप रिपोर्ट. बरेच जण आपल्या गटावर क्लिक करतात, नाव बघतात, खूश होतात आणि बंद करतात. रिपोर्ट उघडा. त्यात आपल्या गटाचा आकार आणि त्याला चारी बाजूंनी लागलेल्या गटांचे नंबर येतात. त्या गटांचे खातेदार आणि क्षेत्रंही खाली मिळतात. ही आयती चतुःसीमा. पूर्वी यासाठी तलाठ्याकडे जायचं, नाहीतर गावातल्या जाणत्या माणसाला गाठायचं.

दादाला शेजारच्या शिवारात एक तुकडा घ्यायचा होता. मध्यस्थ सांगत होता, जमीन शिवरस्त्याला लागूनच आहे. मी रिपोर्ट काढला आणि फोन केला.

“दादा, उत्तरेला रस्ता नाही. मध्ये दुसराच गट आहे.”

“कुणाचा?”

मी नाव वाचलं.

“अगं, ते तर आपले तात्या. त्यांच्याच कडेनं सगळे जातात. तात्या कधी अडवणार नाहीत, पण उद्या पोरांनी अडवलं तर?”

मग तात्यांशी बोलून वाटेचं लेखी करून घेतलं आणि त्यानंतरच इसार दिला. वाट नसलेली जमीन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचं भांडण, हे गावात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. रिपोर्टमधल्या एका गट नंबरानं आमचं ते टळलं. एवढ्यासाठीसुद्धा मी या नकाशाला पैकीच्या पैकी गुण देईन.

दुसरा मोठा उपयोग झाला पाइपलाइनच्या वेळी. विहीर एका गटात आणि ऊस दुसऱ्या गटात. मधले गट कोणते, त्यांचे खातेदार कोण, याची यादी नकाशावरून एका बैठकीत तयार झाली. दादा त्या यादीप्रमाणे घरोघर गेला आणि सगळ्यांनी संमती दिली. कुणी दिली नसती तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम ४९ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. बांधावरून रस्ता मागायचा असेल तर कलम १४३ आहे. दोन्हीकडे लगतच्या खातेदारांची नावं अर्जात लिहावी लागतात. मोजणीच्या अर्जालाही तीच लागतात, कारण लगतच्या सगळ्यांना नोटीस जाते. अर्ज लिहायला बसण्याआधी रिपोर्ट हाताशी असला की निम्मं काम झालेलं असतं.

आता बांधाचं. इथं मी कळकळीनं सांगते, कारण या नकाशाची प्रिंट हातात घेऊन बांधावर उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. रिपोर्टवर नकाशाचं प्रमाण छापलेलं असतं. समजा ते १:५००० आहे. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पाच मीटर झाला. रेषेची जाडीच अर्धा मिलिमीटर धरली, तर ती अडीच मीटर रुंद झाली. शंभर मीटर लांबीच्या बांधावर हा हिशेब अडीचशे चौरस मीटरवर जातो, म्हणजे जवळजवळ अडीच गुंठे. भांडण असतं दोन फुटांचं आणि पुरावा म्हणून दाखवतो ती रेषच आठ फुटांची.

शिवाय ही रेष आली कुठून, तेही बघा. जुनी मोजणी ३३ फुटी साखळीनं झाली. साखळीचे १६ आणे, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. ती मापं टिपणात, म्हणजे मूळ मोजणीच्या कागदात आहेत, नंतरच्या वाटण्यांची फाळणी नावाच्या कागदात आहेत. पुढे १९४७ च्या कायद्यानं विखुरलेले तुकडे एकत्र करणारी एकत्रीकरण योजना आली आणि जिथं ती राबवली गेली तिथं सर्व्हे नंबरांचे गट झाले. जुने कागदी नकाशे संगणकावर चढवून आजचा पडदा तयार झाला आहे. कागद आकसतो, फाटतो, घडीवर झिजतो. म्हणून हद्दीचा प्रश्न असेल तर टिपण, फाळणी, गटबुक (एकत्रीकरणानंतरच्या गटांची नोंद) यांच्या नकला काढायच्या, भूमी अभिलेख खात्याकडे मोजणीचा अर्ज करायचा आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात घ्यायची. मोजणीदार येऊन खुणा दाखवतो, ती हद्द. उपग्रहाच्या चित्रावर गावनकाशा ठेवून ‘तुमचा बांध घरबसल्या शोधा’ असं सांगणारे व्हिडिओ फिरतात. त्यांच्या नादानं कृपा करून दगड हलवू नका. फोनचं लोकेशनही काही मीटर इकडेतिकडे असतं.

रस्त्यांसाठीही मी भूमी अभिलेखच्या गावनकाशाची नक्कल वेगळी काढून घेतली. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. गटांचा नकाशा आणि ही नक्कल शेजारी शेजारी ठेवून बघितली की कुठली वाट कागदावर आहे आणि कुठली नुसती वहिवाटीची, ते ध्यानात येतं.

नकाशात दिसणारं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात असू द्या. ते नाव मी दर वेळी सातबाऱ्याशी ताडून बघते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. व्यवहार करायचा असेल तर ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर त्या गटाचा एखादा फेरफार चालू आहे का तेही बघते. शहरी भागासाठी मी हा नकाशा वापरलेला नाही. तिथं सिटी सर्व्हे आणि मालमत्ता पत्रकाचा कारभार निराळा.

सगळ्यात जास्त मला तो माझ्या दोन्ही आत्यांना शिकवताना आवडला. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला. पण लग्न होऊन तालुक्याबाहेर गेलेल्या बाईला माहेरच्या जमिनीचे गट नंबरही ठाऊक नसतात, आणि विचारलं तर भाऊ रागावतील ही धास्ती असते. आजोबांचे गट आमच्याच आसपास होते, म्हणून आम्ही आमच्या गटापासून सुरुवात केली आणि शेजारचा एकेक गट उघडून नावं वाचत गेलो. थोरल्या आत्यानं वहीत नंबर लिहून घेतले. आता ती त्या सगळ्या गटांचे सातबारे आणि जुने फेरफार काढते आहे.