लाळेच्या नळीवर उघडलेले विद्यापीठ: इलिनॉयच्या 'शील्ड' चाचणीसेवेचे परीक्षण

अमेरिकेतील अर्बाना-शॅम्पेन येथील इलिनॉय विद्यापीठाने २०२० च्या उन्हाळ्यात 'शील्ड' या नावाने कोविड चाचणीची जी सेवा उभी केली, तिचे हे एका वापरकर्त्याने केलेले परीक्षण आहे. त्या काळात मी तेथे संशोधक विद्यार्थी होतो. लस यायच्या आधी, विद्यापीठ टप्प्याटप्प्याने उघडत असताना, ही सेवा इतर सर्वांप्रमाणे मलाही सक्तीची होती, त्यामुळे आवडनिवड करून घेतलेल्या वस्तूचे परीक्षण जसे लिहिले जाते तसे हे नाही. मत आधीच सांगतो. चाचणी म्हणून ही सेवा अव्वल होती. निकाल हाती आल्यावर माणसाचे काय करायचे, या बाबतीत मात्र ती सुरुवातीच्या पंधरवड्यात सपशेल कमी पडली आणि नंतर सावरली.

शिकागोच्या दक्षिणेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, मका आणि सोयाबीनच्या शेतांनी वेढलेली अर्बाना आणि शॅम्पेन ही जोडशहरे आहेत. मार्च २०२० मध्ये वर्ग ऑनलाइन झाले, पदवीचे विद्यार्थी घरी गेले आणि त्यांच्यावर चालणारा गावाचा व्यवहारही थंडावला. परदेशी विद्यार्थ्यांच्या डोक्यावर उन्हाळ्यात आणखी एक टांगती तलवार आली. ज्यांचे सर्व वर्ग ऑनलाइन आहेत अशा परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही, असे अमेरिकी सरकारने ६ जुलैला जाहीर केले. हार्वर्ड आणि एमआयटी न्यायालयात गेल्यावर १४ जुलैला सरकारने तो आदेश मागे घेतला खरा, पण त्या आठवड्यात आमच्यापैकी कित्येकांनी विमानाची तिकिटे पाहून ठेवली होती. भारतातील अमेरिकी वकिलातींचे नेहमीचे व्हिसाकाम मार्चपासून बंद असल्याने नव्याने प्रवेश मिळालेली अनेक मुले इकडे येऊच शकली नाहीत. दुपारी तीनचा वर्ग त्यांना भारतात रात्री दीड वाजता करावा लागे. अशा वेळी विद्यापीठाचे काही वर्ग आणि प्रयोगशाळा प्रत्यक्ष सुरू राहणे ही आमच्यासाठी केवळ सोयीची गोष्ट नव्हती, हे हे परीक्षण वाचताना ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळतो. चाचणीपूर्वी तासभर खाणे, पिणे, दात घासणे, च्युइंगगम चघळणे हे सारे वर्ज्य असे. इलिनी युनियन या विद्यार्थी-भवनात, स्टेट फार्म सेंटर या क्रीडागृहापाशी आणि परिसरात इतरत्रही केंद्रे होती. आत गेल्यावर आय-कार्ड दाखवायचे, नळी आणि बारकोडची चिठ्ठी घ्यायची आणि अंतर राखून आखून दिलेल्या जागी उभे राहायचे. थुंकायचे नसते. मान खाली घालून लाळ आपसूक नळीत ओघळू द्यायची असते, कारण वरचा फेस मापात धरत नाहीत. सकाळी कोरड्या तोंडाने गेलेल्या माणसाला एक मिलिलिटर लाळ ही केवढी मोठी राशी आहे, हे तिथे कळते. आंबट काहीतरी आठवा, असा सल्ला सर्रास दिला जाई. आजूबाजूचे लिंबू आठवत असावेत. मी तिखटमीठ लावलेली कैरी आठवत असे आणि नळी बऱ्यापैकी लवकर भरे. झाकण घट्ट लावायचे, हात सॅनिटायझरने पुसायचे, नळी स्टँडमध्ये ठेवायची की सुटका. नाकात काडी नाही, डोळ्यांत पाणी नाही आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्याला तुमच्या तोंडाजवळ यायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा करायची गोष्ट इतकी बिनत्रासाची नसती, तर लोकांनी ती महिनाभरही निभावली नसती.

ही सुलभता आपोआप आलेली नव्हती. नेहमीच्या आरटी-पीसीआर चाचणीत काडीने घेतलेला नमुना विशिष्ट द्रावणात ठेवतात आणि नंतर किट वापरून त्यातून विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, वेगळा काढतात. २०२० मध्ये काड्या, द्रावण आणि किट या तिन्हींची टंचाई होती. पॉल हर्गेनरोदर, मार्टिन बर्क आदी रसायनशास्त्रज्ञांच्या गटाने हा मधला टप्पाच गाळला. लाळेची बंद नळी ९५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवली की विषाणू निष्क्रिय होतो आणि तो नमुना, आरएनए वेगळा न काढता, थेट पुढच्या तपासणीला नेता येतो, असे त्यांनी दाखवून दिले. तपासणीची व्यवस्था पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या निदान प्रयोगशाळेत उभी राहिली, कारण मोठ्या संख्येने नमुने हाताळण्याची सवय त्याच विभागाला होती. निकाल सहसा दिवसभरात मिळे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या चाचणीला स्वतंत्र तातडीची मान्यता २०२१ च्या सुरुवातीला दिली. तोवर एक सत्र पार पडलेही होते.

सेवेचा दुसरा भाग होता 'सेफर इलिनॉय' हे अ‍ॅप. निकाल त्यावर येई, आणि ठरलेल्या मुदतीतली चाचणी निगेटिव्ह असेल तरच इमारतीत प्रवेशाची परवानगी दिसे. दारावर बसलेली मुले फोनचा पडदा पाहून आत सोडत. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी 'बोर्डिंग पास' नावाची वेगळी सोय होती, ती फारशी कोणी वापरताना दिसत नसे. अ‍ॅपमध्ये संपर्क आल्याची सूचना देणारी ब्लूटूथची सोयही होती, पण ती ऐच्छिक होती.

२४ ऑगस्टला वर्ग सुरू झाले आणि इथेच या सेवेचे पितळ उघडे पडले. नायजेल गोल्डनफेल्ड आणि सर्गेई मास्लोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी साथीच्या फैलावाचे जे गणित मांडले होते त्यात मुले पार्ट्या करणार, मास्क टाळणार, हे सारे धरलेले होते. आठवड्यातून दोनदा चाचणी झाली तर साथ आटोक्यात राहील, असे त्यातून निघत होते. चाचणी पॉझिटिव्ह आली आहे हे ठाऊक असूनही काही जण पार्टीला जातील किंवा स्वतःच पार्टी ठेवतील, हे मात्र त्यात धरलेले नव्हते. घडले नेमके तेच. काहींनी अ‍ॅपला चकवण्याचाही प्रयत्न केला. ऑगस्टअखेर रोजच्या नव्या रुग्णांची संख्या २०० च्या वर गेली आणि २ सप्टेंबरला कुलगुरू रॉबर्ट जोन्स यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन आठवडे केवळ अत्यावश्यक कामांसाठीच बाहेर पडण्याचे आदेश दिले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी 'गणित चुकले' अशा सुराच्या बातम्या छापल्या. मला तो निवाडा अर्धाच पटतो. तरुणांच्या बेजबाबदारीवर खापर फोडणे सोपे होते, पण निकाल आल्यापासून त्या मुलाशी कोणीतरी बोलेपर्यंत जो वेळ जात होता, त्याला मुले जबाबदार नव्हती. एकोणीस वर्षांचा मुलगा, घरापासून पहिल्यांदाच दूर, शुक्रवारची संध्याकाळ आणि फोनवर नुसती एक सूचना: यातून विलगीकरण आपोआप घडेल, असे मानणे हा व्यवस्थेचा भाबडेपणा होता.

दुरुस्ती मात्र झटपट झाली, आणि याचे श्रेय द्यायलाच हवे. पॉझिटिव्ह निकाल आल्यापासून ३० मिनिटांच्या आत संबंधिताशी संपर्क साधायचा, असे उद्दिष्ट ठेवून विद्यापीठाने स्वतःचे पथक नेमले. जिथे रुग्ण जास्त आढळत होते तिथल्या मुलांच्या चाचण्या वाढवल्या. नियम धाब्यावर बसवणाऱ्यांवर शिस्तभंगाची कारवाई झाली. चढलेला आलेख सप्टेंबरमध्येच खाली आला. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीनंतर उरलेले सत्र ठरल्याप्रमाणे ऑनलाइन झाले.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार त्या एका सत्रात दहा लाखांहून अधिक चाचण्या झाल्या, विद्यापीठाच्या समुदायातील एकालाही कोविडमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले नाही, एकही मृत्यू झाला नाही, आणि आसपासच्या शॅम्पेन काउंटीतील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा चार पटींहून अधिक कमी राहिले. हा निबंध सेवा चालवणाऱ्यांनीच लिहिलेला आहे, त्यामुळे स्वतःच भरलेले प्रगतिपुस्तक म्हणून तो थोडा जपून वाचावा, पण दहा लाखांचा आकडा आणि रुग्णालयातली शून्य नोंद या गोष्टी कशाही वाचल्या तरी लहान ठरत नाहीत.

तक्रारी आणखीही आहेत. विद्यार्थी आणि प्राध्यापक काही काळ घरून काम करू शकत होते. सफाई, स्वयंपाकघर आणि देखभालीचे कर्मचारी मात्र पहिल्यापासून प्रत्यक्ष कामावर होते, आणि 'परिसर उघडला' असे लिहिताना तो त्यांच्यासाठी कधी बंदच झाला नव्हता याचा उल्लेख क्वचितच कोणी केला. जेवण बांधून खोलीवर न्यावे लागे, वर्गात एकाआड एक खुर्च्या रिकाम्या असत, आणि निगेटिव्ह निकालाला 'चला, आता मोकळे' असे समजणारे लोक कमी नव्हते. कालच्या लाळेचा निकाल आज संसर्ग नसल्याची हमी देत नाही, हे अ‍ॅपच्या हिरव्या कंदिलापुढे फार जण विसरत.

महाराष्ट्रातील महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून उघडली तेव्हा अट लशीच्या दोन मात्रांची होती. लस उपलब्ध झाल्यावर ते रास्तही होते. दोन्ही पद्धतींत एक मूलभूत फरक आहे. लशीचे प्रमाणपत्र एकदा दाखवले की काम भागते, तर इलिनॉयमधील परवानगी दर काही दिवसांनी संपत असे आणि प्रत्येकाला पुन्हा रांगेत उभे राहावे लागे. त्रासदायक होते, पण लस नसताना विद्यापीठ उघडायचे तर साथीची खबर ठेवायला दुसरा मार्गही नव्हता. तसे करायला मात्र स्वतःचे रसायनशास्त्रज्ञ, स्वतःची पशुवैद्यकीय प्रयोगशाळा आणि चूक झाल्यावर पुन्हा सुरुवात करण्याइतका पैसा लागतो. ही सामग्री फारच थोड्या विद्यापीठांकडे असते.

पुढे हीच चाचणी 'शील्ड इलिनॉय' या नावाने राज्यातल्या शाळांपर्यंत पोहोचली. चाचणीला मी पाचपैकी पाच गुण देईन, आणि एकूण सेवेला साडेतीन. पुढच्या साथीत कोणी संस्था अशी सेवा घेणार असेल, तर दिवसाला किती नमुने तपासता, हा प्रश्न तिने दुसरा विचारावा. निकाल रात्री अकराला आला तर त्या मुलाला फोन कोण करणार, त्याचे जेवण कोण पोहोचवणार आणि त्याच खोलीत राहणारा दुसरा मुलगा त्या रात्री कुठे झोपणार, हे आधी लेखी मागून घ्यावे.