पहिलं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान: रेडीमेड घ्यावं की घरी बनवावं?

रविवारी सकाळी आम्ही मिरजेजवळच्या दंडोबा डोंगराच्या बाजूच्या माळावर असतो, तेव्हा कोणी ना कोणी गाडी थांबवतं, थोडा वेळ वर बघत उभं राहतं आणि मग हळूच विचारतं, कितीला मिळतं हो हे? त्यातला एखादा खरंच घ्यायच्या बेतात असतो, नंबर घेऊन जातो आणि आठवड्याने फोन येतो, रेडीमेड फोमचं घेऊ का डेप्रॉन, म्हणजे हलक्या फोमच्या शीट, आणून घरीच बनवू. मी दोन्ही केलंय, आधी रेडीमेड आणि मग घरचं. जे सांगतोय ते माझ्या एकट्याच्या अनुभवावर, कुठलं मोजमाप बिजमाप केलेलं नाही, तुमचं वेगळं होऊ शकतं.

बाल्सा (हलकं लाकूड) आणि नायट्रो (इंधनावर चालणारं) इंजिन यात घेतच नाही. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होतो तेव्हा दोन तारांना बांधून गोल फिरवायचं कंट्रोल लाइनचं विमान उडवलंय, त्याची मजा काही औरच, पण महिनाभर खपून बनवलेल्या बाल्साच्या दहा सेकंदात काड्या झालेल्या बघितल्यात, नवशिक्याने तिकडे जाऊ नये एवढंच म्हणतो.

तर रेडीमेड. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी त्याच्यासारखं सुख नाही. खोका उघडला, पंख बसवला, बॅटरी चार्ज केली आणि त्याच संध्याकाळी विमान हवेत. आत जायरो, म्हणजे विमानाचा तोल सांभाळणारा सेन्सर, असतो, रिमोटची स्टिक सोडली की विमान आपोआप सरळ होतं, फारच घाबरलात तर एक बटण आहे ते दाबायचं. पहिल्या रविवारी मी चांगली अकरा मिनिटं उडवलं, बायकोने व्हिडिओ काढला, त्यात मी असा उभा आहे की वाटावं वीस वर्षं हेच करतोय.

दोन आठवड्यांनी एका मित्राने सहज जायरो बंद करून दिला, म्हणाला आता उडव. विमान माझ्यापासून लांब जात होतं तोवर ठीक, वळून माझ्याकडे यायला लागलं आणि डोक्यात डावं उजवं सगळं उलटंपालटं. ही अडचण प्रत्येकाला येते आणि त्यावरची युक्ती सोपी आहे, विमान तोंड करून येत असेल तर तुम्हाला जो पंख खाली गेलेला दिसतोय त्याच बाजूला स्टिक ढकलायची, पंख वर येतो. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी कळायला हवी होती, ती जायरोने पंधरा दिवस झाकून ठेवली. पण यावरून मी रेडीमेड सोडलं नाही हं, वारं असेल तर जायरो खरंच जीव वाचवतो.

सोडलं ते एका सर्वोमुळे, म्हणजे विमानाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरमुळे. तिसऱ्या रविवारी विमान बाभळीत गेलं. तसं काही मोठं नाही, पंखाला दोन काटे आरपार, नाक थोडं चेपलं, ईपीओ नावाचा चिवट फोम असल्यामुळे फेवीक्विकने पाच मिनिटात जोडलं. पण एलिव्हेटर, म्हणजे नाक वरखाली करणारी शेपटीची झडप, हलेना. सर्वोच्या आतल्या चाकाचे दात गेले होते. म्हटलं सर्वो बदलू, काय शे-दीडशे रुपयाचा असेल. पोट उघडून बघतो तर सर्वो वेगळा नाहीच! रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा), ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), जायरो आणि दोन सर्वो सगळं एकाच काडेपेटीएवढ्या बोर्डवर. विकणाऱ्याला फोन केला तर, "सुटा सर्वो येत नाही साहेब, पूर्ण बोर्ड घ्यावा लागेल, आणि बोर्ड सध्या स्टॉकला नाही." बोर्डची किंमत विमानाच्या जवळजवळ एक तृतीयांश. आणि यायला सात आठवडे.

सात आठवडे म्हणजे काय ते इथे उडवणाऱ्यालाच कळेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस नाहीतर वारं, उन्हाळ्यात नऊ वाजले की माळ तापून विमान वरखाली हिसके खातं. खरे दिवस म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंतचे, सकाळी साडेसातची हवा अशी थांबलेली असते की धूळ टाकली तर सरळ खाली पडेल. त्यातले सात रविवार मी चहा पीत दुसऱ्यांची विमानं बघत काढले. बोर्ड आला तोवर हात पार विसरला होता, परत पहिल्यापासून सुरुवात. शिकणाऱ्याचं विमान पडणारच, त्यात लाज काही नाही, पण पडलेलं विमान पुढच्या रविवारी परत उडायला पाहिजे की नाही? बाहेरून मागवावं म्हटलं तर २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राने परदेशी ड्रोन आयात करायला बंदी घातली, सुटे भाग चालतात, त्यामुळे आख्खं विमान मागवायचं म्हटलं की कस्टमवाला त्याला काय समजेल याची मला तरी धास्ती वाटते.

त्या रिकाम्या रविवारांतच घरचं बनवायला घेतलं. त्याचा वैताग आधी सांगतो. तीन आठवडे रोज संध्याकाळी जेवायचं टेबल अडवलं, घरात सगळीकडे डेप्रॉनचा भुगा, ग्लू गनने दोन बोटं भाजली. अमेरिकेतल्या ओहायोचे फ्लाइट टेस्ट नावाचे यूट्यूबवाले विमानांचे प्लॅन फुकट देतात, त्यातलाच एक प्रिंट करून, चिकटवून, कापून बनवला, पण त्यांच्याकडचा फोमबोर्ड हलका असतो आणि मी वापरला आपल्या दुकानातला सनबोर्ड. विमान भरलं सव्वा किलोच्या वर. त्याला लावलेली साधी छोटी मोटर बिचारी किती ओढणार, माळावर एसटीसारखं पळत राहिलं, उठलं काही नाही. मग डेप्रॉन आणला, नाकाखाली आणि पोटाला कोरोप्लास्टची (पोकळ प्लास्टिक शीटची) पट्टी लावली, पाऊण किलोत बसलं. भाच्याने मदत म्हणून डेप्रॉनला फेवीक्विक लावलं तर ते फोमच खाऊन टाकतं हे पण तेव्हाच कळलं. ईपीओला चालतं, डेप्रॉन-थर्माकोलला नाही, लक्षात ठेवा.

पहिलं उड्डाण चार सेकंदांचं. हातातून सुटलं, नाक आभाळाकडे, थांबलं आणि पाठीवर पडलं. शेपूट जड. पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांवर विमान तोललं पाहिजे, मी ते बॅटरी न बसवता बघितलं होतं, हा शहाणपणा माझाच. बॅटरी दोन इंच पुढे सरकवली आणि पुढच्या फेकीला ते असं संथ निघालं की मीच बघत राहिलो, थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी करायचं सुचेना.

तेव्हापासून हे विमान किती वेळा पडलं याचा हिशोब ठेवलेला नाही. पंख रबरबँडने बांधलेला असतो, आपटलं की रबर सुटतात, पंख बाजूला उडतो आणि मोडत नाही. नाक तुटलं तर ग्लू गन आणि फायबर टेप. सर्वो गेला तर ९ ग्रॅमचा कुठलाही आणा, चार जास्तीचे डब्यात पडलेले असतात, एकदा तर माळावरच बदलला, दुसऱ्याचं विमान खाली येईपर्यंत माझं तयार.

एकदा उसात गेलं. तोडणीला आलेला ऊस, डोक्याच्या वर चार-पाच फूट, आत दोन हातावरचं दिसत नाही. भाचा बाहेर रिमोट घेऊन एलिव्हेटरची स्टिक हलवत उभा आणि मी आत सर्वोची कर्र कर्र ऐकत सरी सरीने चाललोय, पाल्याने हात सोलून निघाले, मालक बांधावरून विचारतोय काय हरवलंय, विमान म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. सापडलं तेव्हा पंखाला एक घडी पडली होती. संध्याकाळी बांबूची काडी घालून चिकटवलं, पुढच्या रविवारी हवेत.

खर्चाचं म्हणाल तर मला रेडीमेड रिमोटसकट बारा-तेरा हजाराला पडलं आणि घरचं दहाच्या आसपास, म्हणजे फार फरक नाही. पण त्या दहातला फ्लायस्कायचा आय६ रिमोट, बॅटरी, चार्जर हे पुढच्या विमानाला तसंच वापरतोय, रेडीमेडचा रिमोट त्याच विमानाचा.

बरं, सगळ्यांनी घरचंच बनवावं असंही नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये डेप्रॉनची शीट उभी करायला जागा नसेल, सोल्डरिंगचा कंटाळा असेल, किंवा दहा वर्षाच्या पोराच्या वाढदिवसाला द्यायचं असेल तर रेडीमेडच घ्या, तो आनंद तीन आठवडे थांबत नाही. फक्त पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एकच विचारा, सर्वो आणि रिसीव्हर सुटे आहेत का सगळं एका बोर्डवर. सुटे असतील तर माझी निम्मी तक्रार तिथेच संपली. गोलगोल बोलायला लागला तर मी तरी घेणार नाही.

आणि दोन्हीतलं काहीही घ्या, आधी पिकासिम या विमान उडवायच्या सिम्युलेटरवर आठ-दहा तास घालवा, फुकट आहे, त्यात शंभर विमानं फोडा. कुठे उडवायचं तेही नकाशावर बघून घ्या, ड्रोन रूल्स २०२१ मध्ये छंदाची मॉडेलं पण येतात, विमानतळाजवळच्या रेड झोनमध्ये, म्हणजे परवानगीशिवाय उडवायला मनाई असलेल्या भागात, हौस करायला जाऊ नका.

माझं रेडीमेड अजून कपाटावर आहे. विकावं असं दर दिवाळीच्या साफसफाईला ठरतं, पण आता विकता पण येणार नाही, कारण त्याचं एक चाक काढून मी घरच्या विमानाच्या शेपटीला लावलंय. चाकं मात्र खरंच चांगली दिली होती त्यांनी.