सील्ड, फायनल, एनम की क्लास उघडाच ठेवावा?

इंदूरच्या सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्यासाठी आम्ही बिलिंगचा प्रोग्राम केला होता. पैसे तीन प्रकारे यायचे: रोख, कार्ड, यूपीआय. जावा या प्रोग्रामिंग भाषेत 'भरणा' नावाचा एक अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे वस्तूचा कच्चा साचा, आणि त्याचे तीन सबक्लास, म्हणजे त्या साच्यावर बेतलेले प्रकार. पुढे उधारी आली. आमच्यातल्याच एकाने चौथा सबक्लास लिहिला, सगळं विनातक्रार कंपाइल झालं (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने हरकत घेतली नाही), आणि महिनाअखेरीस सेठजींचा फोन आला: "भिया, हिसाब में रोकड़ है, गल्ले में नहीं!" दिवसाचा गोषवारा काढताना कार्ड असेल तर हे, यूपीआय असेल तर ते, नाहीतर रोख, असं लिहिलेलं होतं. लिहिणारा मीच. उधारी त्या 'नाहीतर'मध्ये जाऊन बसली होती.

तेव्हापासून कोणी "हा क्लास बंद करू का?" असं विचारलं की मी दोन उलट प्रश्न विचारतो. नवा सबक्लास कोण लिहिणार आहे? आणि तो लिहिला गेला हे कोणाकोणाला कळायला हवं? उघडा क्लास म्हणजे सबक्लास कोणीही लिहावा, फायनल म्हणजे कोणीच नाही, सील्ड म्हणजे यादीत नाव असलेल्यांनीच. एनम म्हणजे ठरलेल्या नावांचा संच. (एका क्लासवरून दुसरा घेणं म्हणजे इनहेरिटन्स. त्याला वारसा म्हणता येईल, पण आमच्या इंदुरात वारसा म्हटलं की डोळ्यांपुढे राजवाडाच उभा राहतो. म्हणून इनहेरिटन्सच म्हणतो.)

त्याच प्रोग्राममध्ये प्रिंटरचा भाग आहे. दुकानागणिक प्रिंटर वेगळा, आणि त्याचा कोड बहुतेकदा तिथे मशीन बसवणारा माणूस लिहितो. कामं मात्र ठरलेली: छाप, कागद काप, गल्ला उघड. प्रकार वाढणार, कामं वाढणार नाहीत. इथे इंटरफेस, म्हणजे नुसती कामांची यादी, सताड उघडा ठेवावा. तो बंद करणं म्हणजे प्रत्येक नव्या प्रिंटरसाठी लोकांना आपल्या दारात उभं करणं.

उघड्या इंटरफेसपेक्षा उघडा क्लास जास्त महागात पडतो. समजा पायाभूत क्लासमधली 'एकूण' ही मेथड (क्लासमधलं एक काम) आतून 'कर' मेथडला बोलावते. कोणीतरी सबक्लासमध्ये 'कर' बदलून पैसे पूर्णांकात आणले. पुढच्या वर्षी तुम्ही वेग वाढावा म्हणून 'एकूण'मध्येच कर मोजायला लागलात. तुमच्या दृष्टीने उत्तर तेच, पण त्याचं पूर्णांकात आणणं गायब, आणि कंपायलर गप्प. म्हणजे क्लास उघडा ठेवला की त्याच्या आतली रचनासुद्धा एक वचन होऊन बसते.

फायनलबद्दल फार बोलण्यासारखं नाही. रक्कम, तारीख, जीएसटी क्रमांक अशा गोष्टींना पोटजाती नसतात. बिनदिक्कत फायनल करा. जावाची स्ट्रिंग फायनलच आहे, आणि जावातले रेकॉर्डही (नुसती माहिती धरणारे छोटे क्लास) आपोआप फायनल असतात. कोटलिन भाषेत तर मुळात सगळे क्लास बंद, उघडायचा असेल तर 'ओपन' लिहावं लागतं. मला हा उलटा नियम जास्त पटतो. अडचण येते ती फ्रेमवर्कपाशी, म्हणजे ज्यावर आपला प्रोग्राम उभा असतो त्या तयार चौकटीपाशी. हायबरनेट किंवा स्प्रिंग पुष्कळदा तुमच्या क्लासचा सबक्लास चालत्या प्रोग्राममध्ये तयार करून प्रॉक्सी, म्हणजे मधला प्रतिनिधी, म्हणून वापरतात. क्लास फायनल असेल तर ते जमत नाही. सील्ड असेल तरीही नाही, कारण तो आयत्या वेळचा सबक्लास यादीत नसतो आणि यादी खुद्द जेव्हीएमही (जावाचे प्रोग्राम चालवणारं यंत्र) तपासतं. कोटलिनवाले यासाठी ठरावीक क्लास आपोआप उघडे करणारं प्लगइन लावतात.

सी शार्प ही भाषा वापरणाऱ्यांनी इथे सांभाळावं. तिकडे 2002 सालापासून 'सील्ड' शब्द आहे, पण त्याचा अर्थ जावातल्या फायनलचा: कोणीच वारस नको. नाव एक, काम वेगळं.

एनम आणि सील्ड यांच्यात मात्र लोक खरोखर अडखळतात. बिल कच्चं, पक्कं किंवा रद्द असतं. तिन्हींत फरक फक्त नावाचा, तेव्हा एनम पुरे. भरण्याचं तसं नाही. यूपीआयला व्यवहार क्रमांक लागतो, कार्डाला शेवटचे चार आकडे, उधारीला खातेदार आणि वायद्याची तारीख. एनममध्ये प्रत्येक नावाची अख्ख्या प्रोग्राममध्ये एकच वस्तू असते. दिवसाचे दोनशे यूपीआय व्यवहार तिच्यात कुठे कोंबणार? मग लोक एकाच क्लासमध्ये एनम आणि सगळी फील्डं भरतात, त्यातली निम्मी कायम रिकामी. तसं दिसलं की सील्डची वेळ झाली असं समजावं.

जावात सील्ड क्लास पक्का झाला तो 17 व्या आवृत्तीत, 2021 साली. 'परमिट्स' लिहून सबक्लासांची नावं द्यायची. सगळे एकाच फाइलमध्ये असतील तर तेवढंही नको. सगळे एकाच मॉड्यूलमध्ये हवेत, मॉड्यूल वापरत नसाल तर एकाच पॅकेजमध्ये (दोन्ही कोडचे गट, मॉड्यूल मोठा). प्रत्येक सबक्लासने पुढचं सांगायचं: तो फायनल, पुन्हा सील्ड, की नॉन-सील्ड. शेवटचा शब्द दार परत उघडतो. मी तो अजून एकदाही वापरलेला नाही.

पण हे कुलूप महत्त्वाचं नाही. सील्डचा खरा नफा कंपायलरला पूर्ण यादी कळण्यात आहे, आणि तो नफा स्विचमध्ये, म्हणजे प्रत्येक पर्यायाची वाट वेगळी लिहितो तिथे, पदरात पडतो. प्रकारांवर चालणारा स्विच जावात पक्का झाला 21 व्या आवृत्तीत, 2023 साली. एकही प्रकार राहिला तर कोड कंपाइलच होत नाही. म्हणून तुमचा प्रकल्प 17 वर अडकला असेल तर सील्ड घ्या, पण अर्ध्याच फायद्याची अपेक्षा ठेवा. तिथे 'इन्स्टन्सऑफ'च्या ('ही वस्तू या प्रकारची आहे का?' अशा अटींच्या) साखळीतली गळती कोणी पकडणार नाही. कोटलिनमध्ये 'व्हेन'चं (तिकडच्या स्विचचं) उत्तर वापरत असाल तर तपासणी आधीपासून होती. नुसतं विधान म्हणून लिहिलेल्या 'व्हेन'लाही 1.7 पासून सील्डचे सगळे प्रकार सक्तीचे झाले.

आणि हे सगळं एका शब्दाने वाया जातं: 'डिफॉल्ट', म्हणजे स्विचमध्ये उरलेल्या सगळ्यांसाठीची एकच वाट. कंपायलरच्या लाल रेघेला कंटाळून कोणीतरी तो टाकतो, आणि माझं जुनं 'नाहीतर रोख' परत हजर होतं. आमच्याकडे सील्ड प्रकारांवरच्या स्विचमध्ये डिफॉल्ट दिसला की रिव्ह्यू तिथेच थांबतो.

लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, लिहून बाहेर देत असाल तर हात आखडता घ्या. यादीत एक नाव वाढवलं की वापरणाऱ्यांचा कोड मोडतो. त्यांनी पुन्हा कंपाइल न करताच नवी जार (लायब्ररीची तयार फाइल) लावली, तर चालत्या प्रोग्राममध्ये मॅचएक्सेप्शन नावाचा एरर येतो. यादी बदलायची शक्यता असेल तर लायब्ररीत उघडा इंटरफेस बरा. आपल्याच प्रकल्पात मात्र हे मोडणं हवंच असतं.

'भरणा' आता क्लासऐवजी सील्ड इंटरफेस आहे, त्याचे प्रकार रेकॉर्ड आहेत आणि प्रकल्प 21 वर. मागल्या दिवाळीआधी सेठजींनी गिफ्ट व्हाउचर काढलं. पाचवा रेकॉर्ड लिहिला आणि सात ठिकाणी एरर आले. त्यांतली दोन ठिकाणं मी पार विसरलो होतो. सहा संध्याकाळपर्यंत भरली. सातवं परताव्याचं: व्हाउचरवर नेलेला माल परत आला तर रोख द्यायची की नवं व्हाउचर? त्यासाठी सेठजींनाच फोन लावावा लागला.