गुडघा, अर्धशिशी की उडालेली झोप? सुई, चिनी औषध आणि रेकी यांतून निवडताना

सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी उरकली की कंबर-गुडघे धरलेली माणसं लातूर, नांदेड, संभाजीनगरला इलाज शोधत येतात. पाटीवर अ‍ॅक्युपंक्चर (सुया टोचण्याचा चिनी इलाज), कपिंग (कातडीला पेले लावून ओढणं), रेकी एकाच ओळीत लिहिलेलं असतं. पण या गोष्टी एका जातीच्या नाहीत. रेकी तर चिनीही नाही. ती जपानच्या मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये सुरू केली.

अ‍ॅक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाड असते. सुया २०-३० मिनिटं ठेवतात. जागा जड वाटते, थोडी ठणकते, ते ठीक. विजेसारखी कळ गेली तर लगेच सांगा, सुई मागे घ्यावी लागते. पहाटेच्या एसटीने उपाशी आलेल्याला भोवळ येते, म्हणून खाऊन जा आणि आडवं पडूनच सुया घ्या. पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, वापरलेली सुई फेकलीच पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा. छाती-खांद्याला सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. नंतर दम लागला तर थेट दवाखाना गाठा.

फायदा कशात? अर्धशिशीत बऱ्यापैकी: ब्रिटनची 'नाइस' ही संस्था झटके कमी करण्यासाठी ५ ते ८ आठवड्यांत १० बैठकांपर्यंत सुचवते. झिजलेल्या गुडघ्याबाबत मात्र तज्ज्ञांतच फाटाफूट आहे. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये अटीसह होकार दिला, 'नाइस'ने २०२२ मध्ये नको म्हटलं. खोट्या सुयांशी (टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या) तुलना केली की फरक बराच आटतो, हे त्यामागचं कारण. गुडघ्याला आधी मांडीचे व्यायाम आणि वजन कमी करणं. सहा बैठकांत फरक नाही पडला तर थांबा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा कायदा आहे; नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

चिनी वनौषधी? आमचं मत स्पष्ट आहे: नको. सरकारमान्य आयुष पद्धतींत ही पद्धत नाही, त्यामुळे पुडीत काय आहे हे तपासायला इथे जाणकार मिळणं मुश्कील. अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती असलेल्या औषधांनी बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली. जास्त ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. आणि पुडीने दोन दिवसांत सगळं दुखणं गायब झालं तर त्यात स्टेरॉइड मिसळल्याची शंका घ्या. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. ती घेऊन संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवा. कपिंग (आपल्याकडचा हिजामा त्याच कुळातला) निराळं. त्याचे डाग आठवडा-दोन आठवड्यांत जातात, पण ब्लेडने चिरा देणार असतील तर स्वच्छतेचे नियम सुईइतकेच कडक.

रेकीत अंगावर किंवा अंगाजवळ हात ठेवतात, एकेका जागी ३-५ मिनिटं, एकूण तासभर. ती ऊर्जा आजवर कुणाला मोजता आलेली नाही. शांत पडून राहिल्याने बरं वाटतं, आणि झोप उडालेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ. धोका हातांत नाही, दाव्यात आहे. मधुमेहाची गोळी बंद करा म्हणणारा, किंवा रेकी शिकण्याच्या पहिली, दुसरी, मास्टर अशा पायऱ्यांचे पैसे एकदम मागणारा, टाळा.

पाय बधिर पडणं, लघवी अडणं, रात्री वाढणारं दुखणं, कंबरदुखीसोबत ताप असेल तर यातलं काहीच नको, आधी डॉक्टर. बाकीच्यांनी पाटीवरची फी तेवढी बघू नये: हिंगोलीकडच्या गावातून आठवड्याला दोन खेपा म्हणजे दोन मजुऱ्या बुडाल्या. सुईवाल्याला एकच खेप चालेल का विचारा, पुष्कळदा चालते.